दर्याचे बियाणे कोण खातो?

(मालवण तालुक्यातील एका बंदरगावी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत सभा भरली होती. तेथे गावच्या शिक्षकांनी केलेले भाषण.)



काल आपण सर्वांनी बंदरावर जाऊन दर्यास नारळ दिला. नारळ सोडताना मंत्र म्हणणारा कोणी मध्यस्थ आपणांस लागला नाही, ही आम्हांस फार समाधानाची गोष्ट वाटली. घरधन्याने आपल्या हाताने नारळ दिला, बायामाणसांनी हळदकुंकू वाहिले, काम झाले. ज्याचे दैवत त्याने पुजावे, तेथे मधल्या दलालाचे काय काम? परंतु देवाच्या दारचा दलाल उठला तरी मासळीच्या पाटीवरचा दलाल अजून बसलेलाच आहे. आज बोलावयाचे आहे ते त्याच्याविषयी, मोठ्या नौकांच्या धन्यांविषयी, आणि राग मानणार नसाल तर आपणाविषयीही.

आम्ही रापण ओढणारे नव्हे, पोरांस पाढे शिकवणारे मास्तर. मास्तराने दर्याच्या गोष्टी सांगाव्या याचे काहींस हसू येईल. पण बंदरावर मासळी कमी झाली की ते प्रथम कळते शाळेच्या हजेरीपटास. सातवीतला मुलगा पंधरा दिवस दिसला नाही म्हणून घरी चौकशीस जावे, तर तो परगावच्या नौकेवर भांडी घासावयास गेलेला. त्याची बहीण घरी, कारण आई पहाटेच्या एस.टी.ने दुसऱ्या बंदरावर मासळी विकत घ्यावयास गेलेली, आणि धाकटे भावंड सांभाळावयास कोणी नाही. ज्या बाईच्या सासूने आपल्याच वाळूवरून पाटी उचलून बाजार गाठला, तिला आज परक्या लिलावात उभे राहून दलालाच्या बोलीवर बोली करावी लागते. हे रोज पाहून गप्प बसणे आम्हांस जमत नाही.

२०२५ सालच्या एप्रिलात राज्याच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यास ज्या सवलती आहेत त्या मच्छीमारासही मिळाव्या, असा त्यातील हेतू. चांगली गोष्ट झाली. पदरात किती पडते ते पुढे पाहू. पण शेतकरी म्हणवून घेतले की शेतकऱ्याची रीतही पाळावी लागते. येथे बसलेल्या कुणबी बांधवांस विचारा. आषाढात घरात दाणा नाही, पोर रडते आहे, देणेकरी दारात उभा आहे, तरी आढ्यास बांधलेली बियाण्याची मुडी कोणी सोडतो काय? उपास काढील, उसने आणील, मजुरीस जाईल, पण बी खाणार नाही. ज्याने बी खाल्ले तो शेतकरी राहिला नाही, दुसऱ्याच्या शेतावरचा गडी झाला. तर मग गाबीत बांधवांनी सांगावे की दर्याचे बियाणे कोणते, आणि ते हल्ली कोण खात आहे?

मासळी गेली ती देवी कोपली म्हणून, गावाने अमुक राखण दिली नाही म्हणून, असे म्हणणारे अजून आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे खापर दैवावर फोडले नाही. कोण लुटतो ते नाव घेऊन सांगितले, आणि शेताचा कस पावसाने वाहून जाऊ नये म्हणून ताली-बांध घालावे हेही सांगितले. लुटारू दाखवणे आणि आपला बांध आपण घालणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच पुस्तकात केली. आपण पहिले काम मोठ्या आवडीने करतो, दुसऱ्याच्या वेळी घरी जेवण थांबलेले असते.

आता पावसाळ्याच्या बंदीविषयी. १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला. हल्ली यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस दर्यात जावयाची मनाई असते. आपल्या वाडवडिलांस हा कायदा ठाऊक नव्हता, पण त्यांच्या होड्या मिरगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत शाकारून ठेवलेल्या असत. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टास पडली. म्हणजे आजोबांची रीत पाळली असती तर कायद्याची मुदत संपल्यावरही दर्यास आणखी एक महिना विसावा मिळाला असता. आजोबांस माशांच्या अंड्यांचे शास्त्र येत होते असे आम्ही म्हणत नाही. उगाच पूर्वजांच्या अंगावर नसलेले शहाणपण चढवण्याची हौस आम्हांस नाही. त्यांस भय होते ते वादळाचे. पण त्यांचे भय दर्याच्या पथ्यावर पडले, कारण पावसाळ्याच्या ह्याच दिवसांत तारली आणि बांगडा अंडी घालतात. आज इंजिन आले, हवामानाचा अंदाज खिशात आला, भय गेले. भयाने जे राखले होते ते आता समजुतीने राखावे लागेल.

रापण म्हणजे काय हे येथे सांगावयास नको, पण हे भाषण वर्तमानपत्रात छापावयाचे आहे आणि घाटावरचे शेतकरी बांधव ते वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे होडीतून जाळे दर्यात अर्धचंद्रासारखे सोडावयाचे, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणावयाचे, आणि दोन्हीकडून पन्नास-साठ माणसांनी मिळून ते ओढावयाचे. ज्याची होडी त्याचा वाटा, ज्याचे जाळे त्याचा वाटा, ज्याचा खांदा त्याचाही वाटा. दोरास हात लावणाऱ्या म्हाताऱ्यास, वाटेने जाणाऱ्या वाटसरूसही रिकाम्या हाताने पाठवावयाचे नाही. शिवाय रापण माशाच्या पाठीस लागत नाही. मासा किनाऱ्यास येईल तेव्हा येईल, तोवर वाळूवर बसून विडी ओढावी. असा हा गरिबांचा धंदा. यात कोणी गबर झाला नाही, पण कोणी उपाशीही राहिला नाही. होड्या बांधून सुताराची, जाळी विणून म्हाताऱ्यांची, आणि खारवलेला बांगडा घाटावर नेऊन कित्येक विधवांची चूल यावर पेटली. घाटावरच्या कुणब्याच्या भाकरीवर जो सुका बांगडा येतो तो अशा वाळूवरूनच येत असे.

आता तो बांगडा किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. पर्ससीन म्हणून जे जाळे आहे ते शेकडो मीटर लांब असते. थवा दिसला की नौका त्याभोवती वळसा घालते, आणि जाळ्याच्या खालच्या काठास ज्या कड्या असतात त्यांतून दोर ओढला की आजीच्या बटव्याचे तोंड आवळावे तसे जाळे खालून बंद होते. आत सापडलेला एकही मासा सुटत नाही. मोठा, धाकटा, अंड्यावर आलेली मादी, सर्व एका बटव्यात. त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. जनरेटरवर दिवे लावून रात्रीचा दिवस करावा, मासा उजेडास भुलून गोळा झाला की जाळे टाकावे. आपल्या वाळूवर उभे राहिले की अमावास्येच्या रात्रीही क्षितिजावर शहर वसल्यासारखे दिसते. कित्येक लहान मुलांस ते खरेच शहर वाटते. एकाने आम्हांस विचारले, "गुरुजी, त्या गावाचे नाव काय?"

सरकारने काही केले नाही असे म्हणणे खोटे होईल. डॉ. सोमवंशी समितीने या प्रश्नाचा अभ्यास करून अहवाल दिला, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. ही मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढेच दिवस व्हावी, जाळ्याचा आस २५ मिलिमीटरहून लहान नसावा, आणि परवाने ४९४ वरून २६२ व शेवटी १८२ वर आणावे, असे ठरले. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने दिव्यांची मासेमारी बंद केली. २०२१ साली जुन्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. दिवे लावणाऱ्यास ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत, आणि लहान पिल्ले मारणाऱ्यास १ लाखापासून ५ लाखांपर्यंत. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनची पाळत सुरू झाली. इतके असून दिवे दिसतात ते दिसतातच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द, त्यापुढे केंद्राची. नौका मासा मारते आत, आणि विचारले की सांगते, आम्ही बाहेर मारला. पाण्यावर बांध नाही, आणि माशाच्या अंगावर सातबारा लिहिलेला नसतो.

येथवर ऐकून आपण माना डोलावल्या. आता पुढचे सांगतो.

दोन वर्षांमागे गावचे सातआठ जण व आम्ही याच दिव्यांविरुद्ध अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो होतो. अर्ज आम्हीच लिहिला होता, आणि त्यात गरीब पारंपरिक मच्छीमारांवरील अन्यायाची भाषा भरपूर होती. साहेब तरुण होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि मग आपल्या मोबाईलमधील एक फोटो आमच्यापुढे धरला. फोटो आपल्याच बंदराचा. टोपल्यांत बोटाएवढे बांगडे आणि रुपयाएवढी पापलेटे. "ही कोणाच्या जाळ्यातील?" एवढेच त्यांनी विचारले. आमच्यापैकी कोणासही उत्तर देता आले नाही, कारण टोपली कोणाची हे आम्ही सर्वच ओळखत होतो. त्या कचेरीने पुढे आमच्या अर्जाचे काय केले ते आजवर कळले नाही. तो दोष त्यांचा. पण त्या दिवशी आमची मान खाली गेली, तो दोष कोणाचा?

त्यानंतर आम्ही शाळेत एक वही ठेवली. पाचवी ते सातवीची मुले सुटीच्या दिवशी फूटपट्टी घेऊन वाळूवर जातात, टोपलीतले मासे मोजतात आणि वहीत उतरवतात. गणिताचा गणित होतो आणि खरेही कळते. सुरुवातीस काही मंडळी मुलांवर ओरडली. एका आजीने मात्र आपली पाटी स्वतः पुढे केली आणि म्हणाली, "मोजा बाबांनो, माझ्या लग्नात आलेला बांगडा एकटा पान भरत होता." वहीत जे दिसते ते असे की रापणीच्या शेवटी जी पिशवी असते तिचा आस आपण वर्षागणिक बारीक करीत आलो आहोत. सुताची जाळी होती तेव्हा ती जड होती, भिजत होती, फार बारीक विणणे परवडत नव्हते. नायलॉन आले आणि मच्छरदाणीसारखी जाळी स्वस्तात मिळू लागली. मासा कमी येतो म्हणून आस लहान करावयाचा, आस लहान केला म्हणून पुढच्या साली मासा आणखी कमी, म्हणून आस आणखी लहान. हे त्रैराशिक कोठे जाऊन थांबते ते पाटीवर मांडून दाखवावयास नको.

मोठी नौका एका रात्रीत जे नेते ते आपली रापण सबंध मोसमात नेणार नाही, हे खरे आहे, आणि दोघांस एका तराजूत घालणाऱ्याशी आम्ही भांडू. पण भांडावयास उभे राहण्यापुरते तरी आपले हात स्वच्छ पाहिजेत. शिवाय ही पिल्ले जातात कोठे? थोडी आपल्या कालवणात, आणि बाकीची कवडीमोलाने कोंबड्यांचे व कोळंबीचे खाद्य करणाऱ्या कारखान्यांत. म्हणजे गरिबाच्या ताटातला उद्याचा मासा आज दळून परक्याच्या कोंबडीस घालावयाचा, आणि आपल्या पोराने त्याच बांगड्यासाठी उद्या दुप्पट पैसे मोजावयाचे. असला सौदा सावकारानेही कोणास सुचवला नसेल.

दर्या आटत नाही, मासा संपत नाही, असे म्हातारी माणसे म्हणत. २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली होती. पुढच्याच साली, २०१९ मध्ये, ती २ लाख १ हजार टनांवर आली. गेल्या ४५ वर्षांत इतकी कमी कधी नव्हती, असे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सांगितले. त्या साली क्यार आणि महा ही वादळे आली, कित्येक दिवस नौका बंदरातच राहिल्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सर्व दोष जाळ्यावर टाकणे न्यायाचे नाही. केरळातील तारलीची गोष्ट याहून भयंकर आहे. २०१२ साली तेथे जवळजवळ ४ लाख टन तारली मिळाली, आणि २०२१ साली अवघी ३,२९७ टन. दर्याचे पाणी तापते, माशाचे खाद्य हलते, हीही कारणे शास्त्रज्ञ देतात. पण पाण्याचे तापणे आपल्या हाती नाही, जाळ्याचा आस आपल्या हाती आहे. केरळाने २०१५ पासून कोणता मासा केवढा झाल्यावाचून धरावयाचा नाही याची मापे ठरवली. बांगडा १४ सेंटिमीटर, तारली १० सेंटिमीटर. ती मापे लागू झाल्यानंतर तेथे राणी माशाचे उत्पादन ४१ टक्क्यांनी वाढल्याचे त्याच संस्थेने सांगितले आहे. आपल्या राज्याने पापलेटास २०२३ च्या सप्टेंबरात राज्यमासा म्हणून मान दिला, आणि त्याच सालच्या नोव्हेंबरात ५४ जातींच्या माशांची मापे जाहीर केली. पापलेटाचे माप १३५ मिलिमीटर. राज्यमाशाचा मान आणि रुपयाएवढे पापलेट टोपलीत, या दोन गोष्टी एका बंदरावर शोभत नाहीत.

"आम्ही सोडले तर पुढचा नेईल," असे आत्ता मागच्या बाकावरून कोणी म्हणाले. हा प्रश्न खोटा नाही. सोडलेला बांगडा मोठा होऊन आपल्याच जाळ्यात येईल, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. कदाचित तो क्षितिजावरच्या त्या दिव्यांच्या गावी जाईल. पण शेजाऱ्याने गुरे सोडून आपले अर्धे शेत चारले, म्हणून उरलेल्या अर्ध्यात आपण आपली गुरे सोडीत नाही. आपण कुंपण घालतो आणि मग शेजाऱ्यास चावडीवर खेचतो. कुंपणावाचून चावडीवर गेलेल्याचे काय होते ते आम्ही त्या कचेरीत पाहून आलो आहोत.

दुसरी अडचण याहून खरी आहे, आणि ती कोणी बोलून दाखवली नाही. ज्या घरी आठवडाभर मासा आला नाही, बर्फाचे व डिझेलचे देणे आहे, त्याने पदरी पडलेली पिल्ले दर्यात परत टाकावी हे सांगावयास मास्तराचे काय जाते? त्याचा पगार पहिल्या तारखेस होतो. हा टोमणा आम्ही स्वतःच स्वतःस मारून घेतो. यास्तव उपदेश पुरे, तजवीज पाहिजे. आपल्या मच्छीमार संस्थेने ह्या मोसमापासून एक लहान फंड बाजूस काढावा. रिकाम्या आठवड्यात सभासदास त्यातून बिनव्याजी उसने मिळावे, म्हणजे त्यास पिल्ले विकण्याची किंवा दलालाकडून अंगावर रक्कम उचलण्याची पाळी येणार नाही. दलालाची उचल घेतलेल्याचा मासा पाण्यात असतानाच विकला गेलेला असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. आपल्या तीन तरुणांनी अशीच उचल फेडावयाची म्हणून दिव्यांच्या नौकांवर पाऊल ठेवले. त्यांस आम्ही दोष देत नाही. ते आमच्याच शाळेत शिकले. त्यांतील एकाचे अक्षर अजून आमच्या फळ्यावरच्या सुविचारासारखे वळणदार आहे, आणि तो आज रात्रभर जनरेटरजवळ बसून आपल्याच बापाच्या रापणीतला मासा दुसऱ्याच्या बटव्यात घालतो आहे. फंडात शंभर रुपये प्रथम आम्ही ठेवतो, हे त्याच्याच नावाने समजावे.

कुणबी व सुतार बांधवांस एवढेच सांगणे की माशाचा प्रश्न फक्त गाबीतवाड्याचा आहे असे मानून त्यांनी उठून जाऊ नये. विकत घेणाराच नसेल तर पिल्लू कोणी विकणार नाही. बाजारात स्वस्त म्हणून बांगड्याच्या पिल्लांचा वाटा उचलताना आढ्याच्या मुडीकडे एकदा वर पाहावे. आपल्या वाडीतील दुकानदार बियाण्याचे भात कांडून तांदूळ म्हणून विकू लागला तर आपण त्यास काय म्हणू, तेच येथे म्हणावे. बायकांस तर अधिक सांगावयास नको. भाव शेवटी त्याच ठरवतात.

रापणीच्या पिशवीचा आस वाढवावयाचा की नाही, संस्थेच्या लिलावात मापाहून लहान मासा घ्यावयाचा की नाही, आणि फंडाचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हे ठरवण्यास येत्या रविवारी संस्थेची सभा आहे. तेथे हात वर करावयाचे आहेत. आमचा हात त्यात नाही, कारण आम्ही सभासद नव्हे. हिशेबाची वही मात्र शाळेतील मुले लिहून देतील, आणि ती कोणीही केव्हाही उघडून पाहावी. वाडीतील सुतारदादांनी फणसाच्या लाकडाच्या पट्ट्या कापून दिल्या आहेत, त्यांवर मुलांनी सरकारी यादीप्रमाणे पापलेट, बांगडा, तारली, सुरमई यांच्या खुणा केल्या आहेत. सुतारदादांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. पट्ट्या दाराजवळच्या बाकावर ठेवल्या आहेत. जाताना घरटी एक न्यावी. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी खुणेशेजारी माशाचे चित्र काढलेले आहे. सुरमईचे चित्र थोडे मोरीसारखे झाले आहे, तेवढे चालवून घ्यावे.